कार्ड एकाचं, आत शिरतात तिघं: गेटवर पाठोपाठ घुसणाऱ्यांचं तुमच्याकडे काय करतात?

शिफ्टवाला

नमस्कार मंडळी. मी लोटे परशुराम एमआयडीसीत एका केमिकल प्लँटला प्रॉडक्शनला आहे. कंपनीचं नाव देत नाही, कारण जे सांगतोय ते कमीजास्त सगळीकडेच चालतं. प्लँटच्या दाराला कार्ड रीडर आहे. एक जण कार्ड मारतो, दार उघडतं, आणि त्याच्या पाठोपाठ कार्ड न मारता दोघं-तिघं आत. पुढचा माणूस उलट दार धरून उभा राहतो, कारण मागच्याच्या तोंडावर दार सोडणं बरं दिसत नाही.

हा विषय काढला की सगळे लगेच चोरीवर जातात, केबल गेली, भंगार गेलं, मोटर गेली. तेही होतं. पण आमच्यासारख्या ठिकाणी खरी गोष्ट मोजणीची आहे आणि ती कुणी बोलत नाही म्हणून हा धागा काढला.

सायरन झाला की सगळ्यांनी असेंब्ली पॉइंटला यायचं आणि टाइम ऑफिसने आत कोण कोण आहे त्याची लिस्ट काढायची. ती लिस्ट कार्डावरून निघते. जो दुसऱ्याच्या पाठीमागून आत आला तो लिस्टमध्ये नाहीच. तो टँकफार्मच्या, म्हणजे रसायनांच्या टाक्यांच्या, मागे गॅस लागून पडला असेल तरी त्याला शोधायला कुणी जाणार नाही, कारण कागदावर सगळे बाहेर आलेले असतात. आणि याच्या उलटही होतं. माणूस कार्ड मारून आत आला, दुपारी दुसऱ्याच्या पाठोपाठ कार्ड न मारता बाहेर गेला, घरी जाऊन जेवला. लिस्टमध्ये तो आतच. मग त्याला शोधायला आमची पोरं बीए सेट, म्हणजे पाठीवर हवेचा सिलेंडर आणि तोंडाला मास्क, लावून गॅसमध्ये जाणार. त्या सिलेंडरमध्ये हवा असते अर्धा-पाऊण तासाची, ती पोरं घरी झोपलेल्या माणसाला शोधत फिरणार.

मागच्या मॉक ड्रिलला हेच दिसलं. मैदानात उभी असलेली माणसं लिस्टपेक्षा जास्त, आणि लिस्टमधले दोघं मैदानात नाहीतच. पुन्हा पुन्हा मोजलं तरी आकडा जुळेना. भोपाळनंतर १९८७ ला फॅक्टरी अ‍ॅक्ट बदलला, १९८९ ला घातक रसायनांचे नियम आले, त्यात आमच्यासारख्या प्लँटना दर सहा महिन्यांनी ऑन-साइट इमर्जन्सी प्लॅनची ड्रिल घालून दिलीय. ती होते, फोटो निघतात, रिपोर्ट जातो. पण आकडा का जुळला नाही हे दारापाशी जाऊन कुणी बघत नाही.

अजून एक. मेन गेटला मोबाईल, माचिस, लायटर, तंबाखूची पुडी जमा करून घेतात. पाठोपाठ घुसलेला माणूस हे सगळं खिशात घेऊन सॉल्व्हंटच्या एरियात फिरतो. तिथे बल्बसुद्धा फ्लेमप्रूफ आहेत आणि याच्या खिशात लायटर.

आपल्या कोकणात तर आणखीनच अवघड. गेटवरचा वॉचमन आणि आत येणारा एकाच वाडीतले. एक दुसऱ्याचा मेव्हणा, नाहीतर शाळेतला सोबती. "तू कोण, कार्ड दाखव" म्हणायचं कसं? आणि गणपतीत अर्धं खातं रजेवर, त्या जागी कॉन्ट्रॅक्टरने कुठून तरी आणलेली माणसं, तेव्हा तोंडओळखही नसते.

तर तुमच्याकडे काय करतात ते लिहा. वॉचमनवर ढकलून मोकळे होणारे उपाय नकोत, ते आम्ही करून बसलोय.

तांबडी माती

विषय चांगला आहे पण दुसरी बाजू मांडतो. मी कॉन्ट्रॅक्टरकडे सुपरवायझर होतो. गेटवर अडवतात कुणाला? माझ्या पोरांना. घामाने भिजलेला कळकट शर्ट दिसला की दहा प्रश्न, बिहारचा पोरगा असेल तर वीस. आणि साहेबाची गाडी आली की बूम (गेटचा आडवा दांडा) वर, सलाम, मागच्या सीटवर कोण बसलंय ते विचारायची हिंमत नाही. माझी माणसं उन्हात गेटपासची वाट बघत उभी असायची, सकाळचा तास त्यातच जायचा, हजेरी मात्र आत पोचल्यापासून लागायची. मग शिकतातच की कुणाच्या तरी मागून घुसायला. तुम्ही म्हणता ते मोजणीचं पटलं, पण नियम कडक केला की तो खालच्या माणसावरच कडक होतो हे आधी लिहून ठेवा.

शिफ्टवाला

@तांबडी माती, शंभर टक्के. गेटपासला तास लागत असेल तर माणूस मागून घुसणारच, तिथे आधी गेटपासची खिडकी वाढवायला पाहिजे. आणि साहेबाचं म्हणाल तर तेच मूळ आहे. प्लँट हेड स्वतः थांबून कार्ड मारत नाही तोवर बाकीच्यांना सांगायला तोंड नसतं. आमच्याकडे एक जीएम होते, ते कार्ड विसरले तर व्हिजिटर रजिस्टरला सही करून व्हिजिटरचा बिल्ला लावून आत यायचे. ते होते तोवर दाराशी कुणाला काही सांगावं लागलं नाही.

दर्यावर्दी

दापोलीचा आहे, बरीच वर्षं मर्चंट नेव्हीत. आमच्याकडे हा विषय रोजचा. जहाज बंदराला लागलं की गँगवेला, म्हणजे जहाजावर चढायच्या शिडीला, एक माणूस कायम उभा. वर येणाऱ्याचं आयडी बघायचं, नाव-वेळ रजिस्टरला लिहायची, व्हिजिटर कार्ड द्यायचं, उतरताना परत घ्यायचं. २००१ च्या अमेरिकेतल्या हल्ल्यानंतर जहाजं आणि बंदरांच्या सुरक्षेचा आयएसपीएस कोड आला, १ जुलै २००४ पासून लागू. त्यात सिक्युरिटीच्या तीन लेव्हल, जहाजावरच्या बंदी असलेल्या जागा ठरवून दिलेल्या, ब्रिज, इंजिन रूम, स्टिअरिंग गिअर वगैरे.

कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात काय होतं, सकाळी एजंट, सर्व्हेअर, कस्टम, चँडलर (जहाजाला सामान पुरवणारा) आणि त्यांच्या मागोमाग स्टीव्हडोरची, म्हणजे माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांची, गँग असे सगळे एकदमच गँगवेवर येतात. हेल्मेट आणि चकाकतं जाकीट घातलं की कुणीही डॉक लेबर दिसतो. आफ्रिकेच्या काही बंदरांत स्टोअवे, म्हणजे लपून फुकट प्रवास करणारे, असेच चढतात, लेबरच्या घोळक्यात मिसळून, आणि संध्याकाळी गँग उतरताना मोजली नाही तर माणूस चेन लॉकरमध्ये (नांगराची साखळी ठेवायची जागा) नाहीतर रडर ट्रंकमध्ये (सुकाणूच्या वरची पोकळी) लपून राहतो. तिथे जिवाला धोका आहेच, आणि पुढच्या बंदराला त्याला कुणी उतरवून घेत नाही, कंपनीला दंड, जहाज अडकतं, तो माणूस बिचारा महिनाभर जहाजावर. म्हणून निघायच्या आधी सगळं जहाज शोधायचं असा नियमच आहे.

माझा एवढाच मुद्दा की चढताना मोजणं अर्धं काम. उतरताना मोजलं तरच पहिल्या मोजणीला अर्थ. घोळका आला की आम्ही गँगवेच्या खालीच थांबवायचो, वर एकेकटाच घ्यायचा. शिव्या खाल्ल्या त्याबद्दल, पण घेतला एकेकटाच.

गडवाट

दर्यावर्दींनी एकेकटा म्हटलं म्हणून लिहितो. रायगडाच्या महादरवाजाला जा, दरवाजा समोरून दिसतच नाही, दोन बुरुजांच्या बेचक्यात वळण घेऊन जावं लागतं. सिंधुदुर्गालाही तसंच. घोळक्याने धावत येऊन दारावर पडता येऊ नये म्हणून ती रचना. आणि मोठ्या दाराच्या फळीत छोटा दिंडी दरवाजा असतो. मोठं दार बंदच, येणंजाणं दिंडीतून, त्यातून वाकून एका वेळी एकच माणूस आत येऊ शकतो आणि येताना त्याचं डोकं पहारेकऱ्याच्या समोर येतं. पाठोपाठ घुसणं शक्यच नाही. हिरकणीची गोष्ट लहानपणापासून ऐकतो ती दरवाजा वेळेवर बंद झाला आणि कुणासाठीच उघडला नाही याचीच गोष्ट आहे. आता आपण काचेचं रुंद दार लावतो, दोन माणसं शेजारी शेजारी चालत जातील एवढं, आणि मग कार्ड रीडरकडून अपेक्षा ठेवतो.

सिस्टर_ताई

मी नर्स आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी. कुठे ते सांगत नाही. आमच्याकडे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आहे. आत फक्त आई, तीसुद्धा हात धुऊन, गाऊन घालून. पण बाळ बघायला गावाहून जीप भरून माणसं येतात, आजी, आत्या, शेजारीण, आणि बाहेर दाराशी घुटमळत राहतात. डॉक्टर आत गेले की दार बंद व्हायच्या आत दोघी आत. हाकलताना वाईट वाटतं, कारण त्यांना खरंच बाळ बघायचं असतं. पण हजार-बाराशे ग्रॅमची बाळं असतात, सर्दी झालेल्या एका आत्येमुळे काय होऊ शकतं ते आम्ही बघितलंय.

आणि बाळ पळवण्याची भीती असतेच. अशा घटना बहुतेक वेळा गोड बोलून होतात, मारामारी करून नाही. कुणी तरी नातेवाईक आहे असं सिस्टरला वाटतं, आणि सिस्टरांची ओळखीची आहे असं नातेवाइकांना वाटतं. म्हणून आमच्याकडे आता बाळाच्या पायाला आणि आईच्या हाताला एकाच नंबरचा टॅग, आणि बाळ हातात द्यायचं ते टॅग जुळवूनच. दारातून कुणी चुकून आत आलंच तरी पुढचा एक अडसर राहतो.

दारावरच्या मावशींना मात्र सलाम. "आमदारांचा माणूस आहे" हे दिवसातून कितीदा ऐकतात आणि तरी हलत नाहीत. मागे एकदा त्यांना एका नातेवाइकाने ढकललं. तक्रार करायला मी बरोबर गेले, कारण वरच्या माणसाने पाठीशी उभं राहिलं नाही तर दुसऱ्या दिवशी त्या कुणालाच अडवणार नाहीत.

स्विचबोर्ड

रत्नागिरीत अ‍ॅक्सेस कंट्रोल बसवायचं काम करतो, मिरजोळे एमआयडीसी, बँका, दोन-तीन कॉलेजं. लोकांना वाटतं मशीन बसवलं की प्रश्न सुटला. थोडं लांबणार आहे, वाचा.

साधं कार्ड रीडर आणि मॅग्नेटिक लॉक याने पाठोपाठ घुसणं अजिबात थांबत नाही. त्याला फक्त एवढं कळतं की एक कार्ड मारलं गेलं. त्यामागून पाच गेले तरी त्याला कळत नाही. ट्रायपॉड, म्हणजे तीन दांड्यांचं टर्नस्टाइल, याने बऱ्यापैकी थांबतं पण वरून उडी मारता येते, खालून वाकून जाता येतं, म्हणून तिथे माणूस लागतोच. डोक्यापर्यंत उंचीचं फुल हाइट टर्नस्टाइल सगळ्यात भक्कम, एका फेरीत एक माणूस, पण त्यातून स्ट्रेचर जात नाही म्हणून शेजारी वेगळं दार द्यावंच लागतं आणि मग सगळे त्या दारातून जातात. सर्व्हर रूमला, बँकेच्या कॅश एरियाला दोन दारांची खोली करतात, पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये अँटी-पासबॅक नावाचं सेटिंग असतं. कार्ड आत मारलं तर बाहेर मारल्याशिवाय पुन्हा आत चालत नाही. म्हणजे कुणाच्या मागून बाहेर गेलात तर दुसऱ्या दिवशी तुमचंच कार्ड अडतं. शिफ्टवाले, तुमच्या मोजणीला याचा थेट उपयोग आहे. बऱ्याच ठिकाणी सिस्टीममध्ये हे असतं आणि बंद करून ठेवलेलं असतं, कारण पहिल्या आठवड्यात एचआरला फोन फार येतात. तो आठवडा सोसायचा.

आता आपल्या हवेचं. खाऱ्या वाऱ्यात ३०४ ग्रेडचं स्टील टिकत नाही, वर्षभरात तांबडे ठिपके, मग फिरणारा भाग जाम, मग कुणी तरी तो काढून बाजूला ठेवतं. किनाऱ्याजवळ ३१६ घ्या, त्यात मॉलिब्डेनम असतं, क्षाराला जास्त टिकतं. महाग पडतं पण कोटेशनमध्ये कुणी तुम्हाला आपणहून सांगणार नाही. बोटांचे ठसे पावसाळ्यात ओल्या हातांनी लागत नाहीत, जाळी ओढणाऱ्या, सिमेंटमध्ये काम करणाऱ्या माणसांचे तर कधीच नीट लागत नाहीत. आणि लाईट गेली की मॅग्नेटिक लॉक सुटतं, ते तसंच असायला पाहिजे, आगीत माणूस अडकू नये म्हणून. पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर लाईट किती जाते माहितीये, बॅटरी बॅकअप मेलेला असतो, म्हणजे अर्धा पावसाळा दार उघडंच.

एक कळकळीची विनंती. घुसखोरी थांबवायला म्हणून इमर्जन्सी एक्झिटला साखळी-कुलूप घालू नका. मी डोळ्याने बघितलंय. आतून कार्डाशिवाय, किल्लीशिवाय, एका धक्क्यात उघडलं पाहिजे. बाहेरून उघडू नये आणि उघडं राहिलं तर भोंगा वाजावा, एवढं पुरतं.

हर्णैकर

बंदरावर राहतो म्हणून वेगळं लिहितो. आमच्याकडे दार नाही, समोर सगळा दर्याच. १९९३ ला रायगडच्या किनाऱ्यावर, शेखाडी-दिघीला स्फोटकं उतरली आणि त्या खटल्यात पोलीस आणि कस्टमचीही माणसं दोषी ठरली. म्हणजे गेटवरचा माणूसच फितूर असेल तर गेट काय करणार. नंतर २६/११ ला अतिरेकी कुबेर बोट पळवून आले आणि मुंबईत उतरले ते मच्छीमार वस्तीतच. तिथल्या लोकांनी त्यांना हटकलं होतं. विचारणारे साधे कोळीच होते.

त्यानंतर मच्छीमारांना बायोमेट्रिक कार्डं आली, किनाऱ्यावर पोलीस स्टेशनं वाढली, आणि सागर कवच नावाचा सराव होतो. त्यात एक टोळी मुद्दाम घुसखोर बनून किनाऱ्याला लागायचा प्रयत्न करते आणि दुसऱ्या बाजूने त्यांना पकडायचं. शिफ्टवाले, हे कंपनीत का करत नाहीत? बाहेरचा अनोळखी माणूस, हेल्मेट घालून, हातात टूलबॉक्स देऊन सोडा आणि कुठवर जातो बघा. फक्त ज्याच्या मागून तो आत गेला त्याला शिक्षा करू नका, नाहीतर लोक सराव सुरू झाला की एकमेकांना फोन करतील.

ऋजुता_अ‍ॅड

थोडं कायद्याचं. लोकांना वाटतं की मागून घुसला म्हणजे लगेच गुन्हा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये आगळिकीचा, म्हणजे दुसऱ्याच्या जागेत बेकायदा शिरण्याचा, गुन्हा व्हायला काही तरी वाईट हेतू असावा लागतो, गुन्हा करायचा, धमकवायचं, अपमान करायचा किंवा त्रास द्यायचा. कार्ड विसरलेला कामगार त्यात बसत नाही आणि त्याला तशी धमकी देऊही नये. आणि खाजगी गार्ड म्हणजे पोलीस नव्हे, अंगझडती घेण्याची जबरदस्ती करता येत नाही. त्याच्या प्रशिक्षणासाठी केंद्राच्या २००६ च्या मॉडेल नियमांत १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष असं दिलं होतं. तुमच्या गेटवरच्या माणसाला ते मिळालंय का हे एजन्सीला लेखी विचारा.

मालवणी_मुलूख

सगळा खरा, पण बोलूचा कसा ता कोण सांगूक नाय. माका पण पयल्यांदा जमा नाय होता. आता मी सरळ सांगतंय, "काकानु, कार्ड मारून येवा, नायतर उद्या काय झाला तर मोजणीत तुमचा नाव गावाचा नाय." राग येणा नाय कोणाक. "तुमी कोण" असा इचारलास की समोरच्याक लागता, "तुमचा नाव लिस्टीत लागूक होया" असा सांगितलास की तोच मागे वळता.

शिफ्टवाला

@मालवणी_मुलूख, हे सोन्यासारखं लिहिलंत. उद्याच्या टूलबॉक्स टॉकला (काम सुरू करायच्या आधीच्या सेफ्टीच्या बोलण्याला) हेच वाक्य घेतो, आमच्याकडच्या बोलीत. संशय घेतल्यासारखं न वाटता काळजी म्हणून सांगता येतं.

@स्विचबोर्ड, अँटी-पासबॅक आमच्या सिस्टीममध्ये आहे का ते आयटीला विचारलं, आहे आणि बंदच आहे. चालू करायला मेल टाकलाय. @हर्णैकर, सागर कवचसारखं करायचं सेफ्टी कमिटीत मांडणार आहे. शिक्षा नको हे मिनिट्समध्ये लिहूनच घेईन.

टँकर गेटचं राहिलं. तिथे ड्रायव्हरचं लायसन्स, गाडीचे कागद, स्पार्क अरेस्टर (सायलेन्सरमधून ठिणगी बाहेर पडू न देणारी जाळी) सगळं बघतात पण केबिनमध्ये क्लीनरच्या जागी बसलेला तिसरा माणूस कोण ते नाही बघत. आणि बूम खाली यायच्या आत मागून मोटरसायकल सुटते. यावर कुणाकडे काही असेल तर लिहा.

पल्पवाली

आमचं देवगडकडे आंब्याचं छोटं कॅनिंग युनिट आहे. सीझनला रोज नवीन बायका कामाला, वीस-पंचवीस तरी. पल्प सेक्शनमध्ये टोपी, मास्क, हात धुणं सक्तीचं, पण एकीच्या मागून दुसरी तशीच आत येते, कधी मुलाला कडेवर घेऊन. कार्ड, टर्नस्टाइल आम्हाला परवडणार नाही. स्वस्तात काय करता येईल?

स्विचबोर्ड

@पल्पवाली, तुम्हाला मशीनची गरजच नाही. बिल्ल्यांचा बोर्ड करा. दाराशी एक फळी, त्यावर खिळे आणि नंबर, प्रत्येकीला पितळी नाहीतर प्लास्टिकचा बिल्ला. आत जाताना स्वतःचा बिल्ला खिळ्याला अडकवायचा, बाहेर येताना काढून घ्यायचा. खाणीत अशीच मोजणी करायचे, लाईट लागत नाही, गंजण्यासारखं काही नाही. हात धुवायचा नळ आणि टोप्यांची पेटी बोर्डाच्या अलीकडे ठेवा म्हणजे बिल्ला लावेपर्यंत हात धुतलेले असतील. दार अर्ध्या फळीचं, एकच बाई जाईल एवढं. आणि लहान मुलांसाठी बाहेर सावलीत बसायची जागा आणि बघायला एखादी आजी ठेवा, नाहीतर त्या मुलाला आत घेऊन येणारच, तिचाही इलाज नसतो.

@शिफ्टवाला, टँकर गेटला दोन बूम लावा, मध्ये एक टँकर मावेल एवढी जागा. पुढचा उघडायच्या आधी मागचा खाली. मोटरसायकलला वेगळी अरुंद लेन. केबिनमधल्या माणसांची संख्या गेटपासवरच छापून येऊ द्या, मग वॉचमनला ओळखीच्या ड्रायव्हरशी वाद घालावा लागत नाही, तो फक्त डोकी मोजतो. काम करायचं तर गणपतीच्या आधी करून घ्या, नंतर माणसं मिळत नाहीत.